पोट्टी वजन उचलते, त्यात भ्यायचं काय?

मी पॉवरलिफ्टिंग खेळले, म्हणजे लोखंडी दांड्याला (आम्ही त्याला बार म्हणतो) वजनं लावून उचलायचा खेळ. राष्ट्रीय सुवर्ण मिळवलं, आणि आता घरच्या बैलांच्या रिकाम्या कोठ्यात पोरींना शिकवते. मागच्या अंकात माझी मुलाखत आली आणि संपादकांकडे पत्रं यायला लागली. बहुतेक बायांची आणि पोरींची, काही बापांचीही. सगळ्यांना उत्तरं द्यायला जागा नाही, म्हणून ज्यात अनेकींचे प्रश्न सामावतात अशी पत्रं निवडली. नावं छापू नका असं बऱ्याच जणींनी कळवलं होतं, म्हणून कुणाचंच नाव दिलेलं नाही.

माझी मुलगी सोळा वर्षांची आहे, अकरावीला. खेळाच्या सरांनी तिला पॉवरलिफ्टिंगसाठी निवडलंय. गल्लीतल्या बाया म्हणतात, गर्भपिशवी सरकते, पुढं लेकरं होत नाहीत, आवाज जाड होतो. तिच्या आजीनं तर जेवण सोडलं. मी काय करू?
— एक आई, मोर्शी तालुका

ताई, पोरीला जाऊ द्या.

आता भीतीचं बोलू, कारण आजीची भीती खोटी नाही. पिशवी खाली आलेल्या बाया तिनं डोळ्यांनी पाहिल्या असतील. मीही पाहिल्या आहेत. पण त्या कोण होत्या ते आठवा. लागोपाठ चार-पाच बाळंतपणं झालेल्या, दहा-बारा दिवसांची ओली बाळंतीण असताना डोक्यावर हंडा घेतलेल्या, जुना खोकला अंगावर काढलेल्या. बाळंतपणं, त्यानंतर न मिळालेली विश्रांती, खोकला, कायमची बद्धकोष्ठता, वाढतं वय ही कारणं कोणत्याही स्त्रीरोगतज्ज्ञाला विचारा, तेच सांगतील. सोळा वर्षांच्या निरोगी पोरीनं नीट शिकून, हळूहळू वाढवत वजन उचललं म्हणून तिची पिशवी सरकत नाही आणि लेकरं होण्याचंही काही बिघडत नाही. मला स्वतःला मुलगी आहे.

आपल्याकडं पोरी वजन उचलतच असतात. फेब्रुवारी-मार्चात पऱ्हाट्या उपटून झाल्या की भारे डोक्यावर घेऊन धुऱ्याधुऱ्यानं घरी येतात. मान आखडलेली, पाठ वाकलेली, श्वास कसा घ्यायचा हे कुणी कधी सांगितलेलं नाही. त्या भाऱ्याला कुणी हरकत घेत नाही. मैदानावर निदान कुणीतरी तिच्या पाठीकडं बघतं, गुडघ्याकडं बघतं, आज पुरे म्हणतं.

आवाजाचं असं आहे की बाईच्या अंगात टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, पुरुषाच्या मानानं फार थोडं असतं. नुसत्या व्यायामानं आवाज जाड होत नाही, मिशा येत नाहीत. ते होतं पुरुषी संप्रेरकांची औषधं घेतल्यानं. म्हणून तुम्हाला एकच गोष्ट कडक सांगते. कुणी 'ताकदीचं इंजेक्शन' किंवा बिनलेबलाची गोळी-पावडर देऊ केली, तर त्याच दिवशी पोरीला तिथून काढा. तब्येत तर जातेच, शिवाय उत्तेजक चाचणीत सापडली तर चार वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते.

एकदा सराव बघायला स्वतः जा, आजीलाही न्या. सुरुवात काठीवर किंवा रिकाम्या बारवर आहे का ते बघा. रिकामा बारच वीस किलोचा असतो. पहिल्याच आठवड्यात पोरीकडून साठ-सत्तर किलो उचलवून मोबाईलवर व्हिडिओ काढणारा शिक्षक असेल, तर शिक्षक बदला. तिचा सब-ज्युनिअर गट १४ ते १८ वयाचा, म्हणजे तिच्याकडं अजून वेळ आहे.

मीराबाई चानू खेळते तोच हा खेळ का? स्पर्धेत नेमकं काय होतं? आमच्या कॉलेजात कुणालाच धड माहीत नाही.
— बी.ए.ची विद्यार्थिनी, पुसद

तो वेगळा. मीराबाई खेळते ते वेटलिफ्टिंग. त्यात दोन प्रकार आणि दोन्हीत बार डोक्याच्या वर न्यायचा असतो. एका दमात वर न्यायचा तो स्नॅच, आधी खांद्यावर घेऊन मग वर न्यायचा तो क्लीन अँड जर्क. टोकियो ऑलिम्पिकमध्ये तिनं ४९ किलो गटात ८७ आणि ११५, असे एकूण २०२ किलो उचलून रौप्य आणलं. तो खेळ ऑलिम्पिकमध्ये आहे. आपला पॉवरलिफ्टिंग ऑलिम्पिकमध्ये नाही, वर्ल्ड गेम्समध्ये, म्हणजे ऑलिम्पिकबाहेरच्या खेळांच्या जागतिक स्पर्धेत आहे. पॅरालिम्पिकमध्ये त्यातला एकटा बेंच प्रेस असतो.

आपल्यात तीन प्रकार. बार खांद्यामागं घेऊन बसून उठायचं तो स्क्वॉट. बाकावर आडवं होऊन छातीपर्यंत आणून वर ढकलायचा तो बेंच प्रेस. जमिनीवरून उचलून ताठ उभं राहायचं तो डेडलिफ्ट. प्रत्येकाला तीन संधी, म्हणजे एकूण नऊ. प्रत्येक प्रकारातलं सगळ्यात चांगलं वजन घेऊन बेरीज होते. मुलींचे खुले वजनगट ४७, ५२, ५७, ६३, ६९, ७६, ८४ आणि त्यावरचा. मी ५७ मध्ये खेळले.

आता जिथं पोरी फसतात ते नीट वाच. तीन पंच बसलेले असतात, समोर एक आणि बाजूला दोघं. तीनपैकी दोन पांढरे दिवे लागले तरच वजन मान्य. ताकद असूनही लाल दिवे लागतात. स्क्वॉटमध्ये मांडीचा सांधा गुडघ्याच्या वरच्या पातळीखाली गेलाच पाहिजे, आणि तो गेला की नाही हे बाजूच्या पंचाला दिसतं, आपल्याला नाही. मग पंचांचे हुकूम. स्क्वॉटला सुरुवातीचा हुकूम आणि शेवटी 'रॅक', म्हणजे बार परत लोखंडी चौकटीवर ठेव. बेंचला तीन: 'स्टार्ट', बार छातीवर स्थिर झाला की 'प्रेस', हात सरळ झाले की 'रॅक'. डेडलिफ्टला एकच, 'डाउन'. माझ्याकडं शिकणारी एक पोरगी जिल्हा स्पर्धेत डेडलिफ्ट करून इतकी खुलली की 'डाउन' म्हणायच्या आधीच बार खाली टेकवला. तिन्ही दिवे लाल. त्या दिवसापासून आमच्याकडं सरावातही कुणीतरी पंच होऊन ओरडतं, आणि हुकमाशिवाय टेकवलेलं वजन मोजत नाही.

पहिली संधी अशी लाव की जे वजन तू सरावात सहज तीनदा उचलतेस. कोणत्याही एका प्रकारात तिन्ही संधी फुकट गेल्या तर बेरीजच होत नाही आणि एकूण निकालात तू नसतेस. नाव पुकारून बार तयार झाला की एका मिनिटात सुरुवात करावी लागते. तेवढ्या मिनिटात घाबरायला होतं, ते सगळ्यांना होतं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये बिकानेरला सतरा वर्षांची पॉवरलिफ्टर पोरगी सरावात २७० किलोचा बार मानेवर पडून गेली. तो व्हिडिओ पाहिल्यापासून मी माझ्या मुलीचं जाणं बंद केलंय. सांगा, मी चुकलो का?
— एक वडील, दर्यापूर तालुका

भाऊ, बापाच्या जागी तुमचं बरोबर आहे. ती बातमी आली तेव्हा मीही दोन दिवस बारला हात लावला नाही. ती सुवर्णपदक जिंकलेली पोरगी होती. आपल्या खेळातलं लेकरू गेलं.

त्यामुळं 'असं कधीच होत नाही' असं मी तुम्हाला सांगणार नाही. जड स्क्वॉट हा धोक्याचा प्रकार आहे आणि तो धोका व्यवस्थेनं कमी करायचा असतो. माझ्याकडचे नियम सांगते, ते घेऊन मुलीच्या प्रशिक्षकाकडं जा. स्क्वॉट नेहमी रॅकच्या आत करायचा आणि दोन्ही बाजूंना लोखंडी आडवे आधार लावायचे, पोरगी तळाशी बसल्यावर बार जिथं येतो त्याच्या जरासे खाली. म्हणजे ती उठू शकली नाही तर बार आधारावर टेकतो, मानेवर येत नाही. जड वजनाला बारच्या दोन्ही टोकांना एकेक जण आणि मागं एक. मागं एकटा माणूस उभा करून चालत नाही. टोकांवरचे लोक पोरीच्या चेहऱ्याकडं बघत नाहीत, बारकडं बघतात. बेंचला एकटं कुणी कधीच नाही, आणि अंगठा बारभोवती गुंडाळलेलाच हवा. डोकं गरगरत असेल, ताप असेल, रात्री झोप झाली नसेल तर त्या दिवशी जड उचलायचं नाही.

यातलं काही तिथं नसेल तर मुलीला न पाठवण्याचा तुमचा निर्णय योग्यच. असेल तर एकदा स्वतः जाऊन बारच्या टोकाशी उभे राहा. माझ्या कोठ्यात दोन बाप रोज तेच काम करतात.

आम्ही शाकाहारी. तीन एकर कोरडवाहू आहे. जिमवाले म्हणतात प्रोटीनच्या डब्याशिवाय होत नाही. एका डब्याला दोन-अडीच हजार लागतात. मग आम्ही खेळूच नये का? मला पायऱ्या चढताना दम लागतो, पाळीही जास्त जाते.
— वय २०, घाटंजी तालुका

खेळ बाळा. डब्याशिवाय खेळ.

ताकदीचा खेळ खेळणाऱ्याला शरीराच्या दर किलोमागं दिवसाला साधारण दीड ते दोन ग्रॅम प्रथिनं लागतात. तू ५२ किलोची असलीस तर ८० ते १०० ग्रॅम. आता घरातलं मोज. पन्नास ग्रॅम कोरड्या सोया वड्यांत २५ ग्रॅमच्या आसपास. मूठभर, म्हणजे पन्नासेक ग्रॅम शेंगदाण्यांत १२. पन्नास ग्रॅम फुटाण्यांत १०. दोन वेळची मिळून पाऊण वाटी कच्ची तुरीची डाळ धरलीस तर १५-२०. अर्धा लिटर दुधात १६. ज्वारीच्या चार भाकरींतही वीसेक ग्रॅम मिळतात. कर बेरीज. डबा कुठं लागला?

आमच्या पट्ट्यात मला एक गोष्ट फार लागते. सोयाबीन आपण पिकवतो, कट्टेच्या कट्टे बाजार समितीत नेऊन भाव मिळेल त्या भावाला टाकतो, आणि घरात पोरीच्या ताटात भाकर आणि मिरचीचा ठेचा. सोया वडीला 'गरिबाचं मटण' म्हणून नाक मुरडतात. ती वडी गरम पाण्यात भिजवून, पिळून, कांदा-लसणाच्या रश्श्यात टाक, किंवा झुणक्यात कुस्करून घाल. भिजवलेलं सोयाबीन कच्चं मात्र खाऊ नकोस, नीट शिजवूनच खायचं. उन्हाळ्यात दूध नको वाटलं तर ताक आणि दही. जवसाची चटणी रोज असू दे. तेल कमी कर, भाकर सोड असले सल्ले ऐकू नकोस. भुकेल्या पोटी बार उचलला जात नाही.

आणखी एक. तू लिहिलंस की पायऱ्या चढताना दम लागतो आणि पाळी जास्त जाते. डब्याच्या आधी रक्त तपास. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला होता. म्हणजे दोघींत एकीहून जास्त. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून मिळतं. बाराच्या खाली असेल तर डॉक्टर सांगतील तशा लोहाच्या गोळ्या घे, त्याही तिथंच मिळतात. जेवणावर लिंबू पिळ आणि जेवणाला लागून चहा घेऊ नकोस, चहानं लोह अंगाला लागत नाही. माझ्याकडच्या एका पोरीचा डेडलिफ्ट सहा महिने ऐंशीवर अडला होता. आम्ही तंत्र बदललं, वेळ बदलली, काही होईना. हिमोग्लोबिन साडेआठ निघालं. गोळ्या सुरू झाल्या आणि चार महिन्यांत ती शंभरावर गेली.

नाव छापू नका. जड वजन उचलताना माझी लघवी थेंब-थेंब सुटते. मला एक मूल आहे. हे कुणाशी बोलू?

माझ्याशी बोललीस, बरं केलंस. हे फार जणींना होतं, मूल न झालेल्या खेळाडूंनाही होतं. मोठ्या स्पर्धांत काही बाया काळे कपडे घालतात, त्यामागं हेही एक कारण असतं. खेळ सोडायची गरज नाही, पण 'चालायचंच' म्हणून सोडूनही देऊ नको. जिल्ह्याच्या ठिकाणी फिजिओथेरपिस्ट असतात. त्यांना 'ओटीपोटाखालच्या स्नायूंचे व्यायाम शिकवा' म्हणून सांग, लाजू नको. तोवर वजन जिथं सुटत नाही तिथपर्यंत उतरव. ओटीपोटातून काही खाली आल्यासारखं, जड वाटत असेल तर थेट स्त्रीरोगतज्ज्ञाकडं जा.

माझं वय ३१. लग्नाआधी कबड्डी खेळायचे. दोन लेकरं झाली. तुमची मुलाखत वाचून वाटलं की आपणही करावं. उशीर झाला का? आणि सासरच्यांना कसं समजवायचं?
— कारंजा तालुका

ताई, या खेळात चाळिशीनंतर मास्टर्स गट सुरू होतो आणि सत्तरीच्या पुढंही जातो. तुम्ही तर अजून खुल्या गटाच्या वयात आहात.

सासरचं मात्र मी माझंच सांगू शकते. मी वजनाला हात लावला तो अमरावतीला कॉलेजला असताना. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं ते गाव, १९१४ पासून तिथं अंग कमावणं ही काही लपवायची गोष्ट नाही. हॉस्टेलच्या पोरी सकाळी पळायला जायच्या, मी त्यांच्याबरोबर गेले आणि बारपाशी थांबले. राष्ट्रीय सुवर्ण मिळालं तेव्हा वडिलांनी पेपरातलं कात्रण जिनिंगमध्ये कापसाच्या गाडीवर बसून सगळ्यांना दाखवलं होतं. आणि वर्षभरात लग्न लावून दिलं. त्यांना दोन्हींचा सारखाच आनंद होता, आणि याचं मला आजही वाईट वाटतं.

सासर चांगलं, पण गाव लहान. पहिली दोन वर्षं वावर, चूल आणि लेकरू. मुलगी नऊ महिन्यांची झाल्यावर मी पुन्हा सुरुवात केली, डॉक्टरांना विचारून. आमचा बैलांचा कोठा रिकामा होता, ट्रॅक्टर आल्यावर जोडी विकली होती. ट्रॅक्टर दुरुस्तीवाल्याकडून चौकोनी पाइपाचा रॅक वेल्ड करून घेतला. अकोल्यात एक जिम बंद पडत होती, तिथून बार आणि प्लेटा आणल्या. खाली जुन्या टायरचं रबर अंथरलं. गव्हाण तशीच ठेवली, अजून तिच्यात खडूची पूड, पट्टा आणि पोरींचे मोबाईल असतात. मे महिन्यात पत्र्याखाली दुपारी लोखंडाला हात लावता येत नाही, म्हणून पहाटे पाचला सराव.

सासूबाई पहिल्यांदा दारातून म्हणाल्या, "काहून वं, घरात वजनं कमी हायेत का उचलाले?" मी काही उत्तर दिलं नाही. काही दिवसांनी त्या स्वतःच लेकराला घेऊन दाराशी बसायला लागल्या. एकदा ढेपेचं पोतं बंडीतून उतरवायला माणूस नव्हता. मी पाठ सरळ ठेवून, पोटात श्वास धरून ते उतरवलं. सासूबाईंनी तेव्हा नुसतं बघितलं. संध्याकाळी मला बोलावून विचारलं की पाठ न दुखता पोतं कसं उचलायचं, कारण त्यांची कंबर कित्येक वर्षांपासून जात होती. मी त्यांना पाण्याच्या बादलीवर शिकवलं: पाय वजनाच्या जवळ, कमरेतून मागं सरकायचं, आणि सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरल्यावर ती जशी चहूबाजूंनी घट्ट होते तसं पोट घट्ट करायचं, मग उचलायचं. घरात माझी बाजू त्यानंतर त्याच मांडायला लागल्या. त्यामुळं समजवायला बसू नका. घरातल्या एका बाईला तिच्या कामाचं काही शिकवा.

लेकरू झाल्यानंतर मी डेडलिफ्ट १५० वर नेला. लग्नाआधी तो १३५ होता.

शाळेच्या भिंतीवर लिहायचंय, या खेळातली पहिली बाई कोण?
— एक शिक्षिका, मेहकर

अमेरिकेच्या जॅन टॉड यांचं नाव लिहा. बायांसाठी हा खेळ उभा करणाऱ्यांत त्या अगदी सुरुवातीच्या. स्कॉटलंडमधले डिनी स्टोन्स नावाचे दोन प्रसिद्ध दगड, मिळून ३३२ किलोच्या आसपास, १९७९ मध्ये उचलणाऱ्या त्या पहिल्या बाई. पुढं टेक्सास विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. बायांची पहिली जागतिक पॉवरलिफ्टिंग स्पर्धा १९८० मध्ये अमेरिकेत लॉवेलला झाली. त्यांच्या शेजारी कर्णम मल्लेश्वरीही लिहा. खेळ वेटलिफ्टिंगचा, पण सिडनीत २००० साली बायांना ऑलिम्पिकमध्ये वजन उचलायची पहिल्यांदा परवानगी मिळाली, आणि त्याच वर्षी तिनं २४० किलो उचलून कांस्य आणलं. भारतीय बाईचं ते पहिलं ऑलिम्पिक पदक.

प्रमाणपत्रावर सरकारी नोकरी मिळते का?
— अनेक पत्रं

राज्यात खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण प्रत्येक प्रमाणपत्र त्यात बसत नाही. या खेळात संघटना अनेक आहेत आणि पैसे भरून पदक देणाऱ्या स्पर्धाही आहेत. फी भरायच्या आधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात संघटनेचं नाव सांगून विचारा, स्पर्धा झाल्यावर नाही.

माझ्या तळहातांना घट्टे पडलेत. पुढच्या महिन्यात पाहुणे बघायला येणार आहेत. आई म्हणते, दोन महिने बार सोड. हात मऊ करायचा काही उपाय?
— वय २२, आर्णी तालुका

घट्टे पूर्ण घालवू नकोस, ते तुझ्या कामाचे आहेत. पण फार वाढू दिलेस तर डेडलिफ्टला कातडीसकट सोलून निघतात आणि मग खरंच दोन आठवडे बार धरता येत नाही. आंघोळीनंतर कातडी नरम असताना वजरीनं हलके घास, ब्लेड लावू नकोस. रात्री खोबरेल. बार तळव्याच्या मधोमध धरू नकोस, बोटांच्या मुळाशी धर, म्हणजे घट्टा कमी चिमटतो.

आणि बार सोडू नकोस. आईला सांग, तिच्या बोटांना कापूस वेचताना बोंडांच्या टोकांनी पडलेल्या चिरा पाहून कुणी लग्न मोडलं नव्हतं. पाहुण्यांनी हाताचं विचारलं तर कितव्या किलोला पडले ते सांग. ते ऐकून उठून जाणारे असतील, तर चहाच्या आधीच गेलेले बरे.